ऑरॅकल, प्रॉफेसी, ओमेन... सगळ्यालाच 'भविष्यवाणी' म्हणायचं का?

सबटायटलवाली

मंडळी, मदत हवी आहे. प्राचीन ग्रीस-रोमवरच्या एका माहितीपट मालिकेची मराठी सबटायटल्स करतेय. त्यात 'ऑरॅकल' हा शब्द मिनिटामिनिटाला येतो. कधी त्याचा अर्थ देऊळ, कधी देवळात बसलेली बाई, कधी त्या बाईने सांगितलेलं वाक्य. मागोमाग प्रॉफेसी, प्रेडिक्शन, ओमेन, ऑगरी, डिव्हिनेशन अशी सगळी भावकी आहेच. पहिला भाग माझ्याआधी कुणीतरी केलाय आणि सरसकट 'भविष्यवाणी' ठोकून दिलंय. त्यामुळे पडद्यावर चक्क "राजा भविष्यवाणीकडे गेला आणि भविष्यवाणी त्याला म्हणाली" असं वाक्य झळकतं.

शब्दांची मुळं धुंडाळता धुंडाळता माझं एक मत झालंय, ते मांडते. झोडपायचं तर झोडपा. यातल्या मुख्य शब्दांचं मूळ भविष्यात नाहीच, बोलण्यात आहे. प्रॉफेट म्हणजे ग्रीक 'प्रोफेटेस', देवाच्या वतीने बोलणारा. ग्रीसमधल्या डेल्फीच्या प्रसिद्ध देवळात या नावाचा एक अधिकारीच असायचा. ऑरॅकल लॅटिन 'ओरारे'वरून, म्हणजे बोलणं, विनवणं. ऑरेटर त्याच घरातला. आणि फेट म्हणजे 'फातुम', जे बोललं गेलं ते. इन्फन्टसुद्धा याच धातूचा, ज्याला अजून बोलता येत नाही तो. थोडक्यात भविष्य दिसायचं नाही, सांगितलं जायचं. मग मराठीतही बोलण्याच्या अंगाचा शब्द हवा ना? ऑरॅकलला काय म्हणाल?

कोरा चहा

मेव्हण्याला विचारून सांगतो. तो रोज ऑरॅकल नावाच्या सॉफ्टवेअरलाच प्रश्न विचारतो आणि त्याचा पगारही घेतो.

जुना वाडा

देववाणी? आकाशवाणी? (दुसरा शब्द रेडिओने पळवला, माहीत आहे.)

अर्धपंडित

ताई, मत अर्धंच पटलं. तुम्ही बोलण्याच्या बाजूचे शब्द वेचून घेतलेत. पाहण्याच्या बाजूला केवढी गर्दी आहे बघा.

ऑस्पिशस घ्या. लॅटिनमध्ये 'आविस' म्हणजे पक्षी आणि 'स्पेकेरे' म्हणजे पाहणं. पक्षी पाहून कौल सांगणारा तो ऑस्पेक्स. हा 'स्पेक' आपल्या 'पश्यति'चा सख्खा भाऊ. इंग्रजी स्पायही त्याच कुळातला, आणि संस्कृतात हेराला 'स्पश' म्हणतातच. होरोस्कोप म्हणजे 'होरा' अधिक 'स्कोपोस', घटिका पाहणारा. ती होरा ग्रीकांकडून आपल्या ज्योतिषात आली, इंग्रजीत तिचा अवर झाला आणि मराठीत आपण ज्योतिषाशी संबंध नसतानाही 'माझा होरा चुकला' म्हणतो. ऑगर, म्हणजे पाखरांवरून शकुन पाहणारे रोमन पुरोहित, काठीने आकाशाचा एक तुकडा आखून घेत आणि त्यात काय उडतं ते पाहत बसत. त्या आखलेल्या जागेला 'टेम्प्लुम' म्हणत. टेम्पल तिथून आलं आणि कॉन्टेम्प्लेटही. म्हणजे चिंतन करणं हे मुळात आभाळाकडे डोळे लावून बसणं!

आणि यात रोमनांनीच काही विशेष केलं असं नाही. संस्कृतात 'शकुन' म्हणजे आधी पक्षी, मग संकेत. शकुंत म्हणजेही पक्षीच. पक्ष्यांनी सांभाळलेली ती शकुंतला. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत शकुनांवर प्रकरणंच्या प्रकरणं लिहिली आहेत. आपल्याकडे पहाटे दारावर येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याचं नाव एका छोट्या घुबडाचं आहे, कारण त्याला त्या पाखराची भाषा कळते असा समज. आता हा पिंगळा पाहणारा म्हणायचा, ऐकणारा म्हणायचा की बोलणारा?

उंटावरची

@अर्धपंडित, रोमन कोंबड्या राहिल्या की! सैन्याबरोबर पवित्र कोंबड्यांचे पिंजरे असायचे. दाणे टाकल्यावर अधाशासारख्या खाल्ल्या, तोंडातून दाणे सांडले, तर शकुन उत्तम. इ.स.पू. २४९ मध्ये सिसिलीजवळ द्रेपाना इथे आरमारी लढाईआधी कोंबड्या खाईनात. सेनापती क्लॉडियस पुल्खर वैतागला, म्हणाला, खायचं नसेल तर पिऊ द्या त्यांना, आणि दिल्या समुद्रात फेकून. लढाई हरला तो हरलाच, वर रोममध्ये खटला. कोंबड्यांना बोट लागली असणार, त्या काय खातील!

कोरा चहा

कोंबडी पळाली ऐकलं होतं, कोंबडी बुडाली पहिल्यांदाच.

बे एके बे

इनॉगरेशन हाही शब्द त्या ऑगरचाच. म्हणजे मंत्रीमहोदय फीत कापतात तेव्हा मुळात त्यांनी आधी कावळे मोजायला हवेत.

गंभीरपणे सांगायचं तर, रोममध्ये हे पाखरं पाहणं श्रद्धेपेक्षा राजकारणात जास्त कामी यायचं. इ.स.पू. ५९ मध्ये सीझरच्या जोडीचा कॉन्सुल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) बिब्युलस घरात बसून रोज निरोप पाठवायचा, 'मी आकाशातले संकेत पाहतोय', म्हणजे कायद्याने सभेचं कामकाज होऊ नये. सीझरने त्याला धूप घातली नाही तो भाग वेगळा. स्वतः ऑगर असलेल्या सिसेरोने या सगळ्या विद्येची चिरफाड करणारा ग्रंथ लिहिला. त्यात केटोचं म्हणणं दिलंय: एका हारुस्पेक्सला (बळीच्या जनावराचं यकृत पाहून शकुन सांगणाऱ्याला) दुसरा हारुस्पेक्स दिसला की हसू कसं आवरत असेल, याचंच मला नवल वाटतं. शब्दांची मुळं काढा, हरकत नाही, पण तो व्यवसाय तेव्हाही हाच होता आणि आजही हाच आहे.

वसईचा वारा

@सबटायटलवाली, तुमच्या मताला आमच्याकडून दुजोरा. मराठी बायबलमध्ये प्रॉफेटला 'भविष्यवेत्ता' नाही, 'संदेष्टा' म्हणतात. संदेश देणारा. लहानपणापासून यशया संदेष्टा, यिर्मया संदेष्टा असंच ऐकत आलोय. 'पैगंबर' पाहिलात तर फारसीत तेच, पैगाम आणणारा. हिब्रू 'नाबी'साठी ग्रीक भाषांतरकारांनी 'प्रोफेटेस' निवडला, तिथून तो लॅटिनमार्गे इंग्रजीत आला.

पण अर्धपंडितांची बाजूही बायबलमध्येच आहे! पहिल्या शमुवेलाच्या नवव्या अध्यायात एक वाक्य जाता जाता येतं: आता ज्याला संदेष्टा म्हणतात त्याला पूर्वी द्रष्टा म्हणत. त्या वेळी शौल नावाचा तरुण बापाची हरवलेली गाढवं शोधत शमुवेलाकडे आलेला असतो. गाढवं शोधायला गेला आणि राजा होऊन परतला. म्हणजे हा 'पाहणारा की बोलणारा' वाद तुमच्या धाग्यापेक्षा दोन-अडीच हजार वर्षांनी जुना आहे.

आता माझा मुद्दा. संदेष्ट्याचं काम भविष्य सांगणं नव्हतंच, कान उघडणं होतं. नाथान दावीद राजाला तोंडावर सांगतो की तो अपराधी माणूस तूच आहेस. यात कुठे आलं भविष्य? आणि योनाची गोष्ट तर याच्याही पुढची. योना निनवे शहरात जाऊन सांगतो, चाळीस दिवसांनी हे शहर उलथून पडेल. लोक घाबरतात, गोणपाट नेसतात, राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो. देव शहर वाचवतो. आणि योना चिडतो! शहराबाहेर फुगून बसतो. भाकीत खोटं ठरलं म्हणजेच ते सफल झालं, हे त्याच्या पचनी पडत नाही.

यिर्मयावरून इंग्रजीत जेरेमायाड आलं, रडगाणं या अर्थाने. बिचाऱ्याने यरुशलेम पडणार म्हणून जीव तोडून सांगितलं आणि शब्दकोशात रडका म्हणून जाऊन बसला.

ढगातला

@वसईचा वारा, योना वाचून अंगावर काटा आला. सगळी नोकरी हवामानाशी संबंधित कामात गेली, तेव्हा हे दुखणं आतून माहीत आहे. चक्रीवादळाचा इशारा द्यायचा, बोटी किनाऱ्याला लागतात, गावं रिकामी होतात, माणसं वाचतात. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ऐकायचं, "कसलं वादळ नि कसलं काय, उगाच घाबरवलं." रिकाम्या गावावर घोंघावून गेलेलं वादळ कुणाच्या लक्षात राहत नाही हो. बाकी सविस्तर रात्री लिहितो, 'फोरकास्ट' या शब्दाची एक सुरेख कथा आहे.

माडाखाली

मी सावंतवाडीचा, आता मडगावात. एवढे विद्वान जमलेत आणि कुणाला समोरचा शब्द दिसू नये? ऑरॅकल म्हणजे कौल!

आमच्याकडे देवळात मूर्तीला फुलांच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतात, गुरव किंवा पुजारी गाऱ्हाणं घालतो आणि सगळे पाकळी पडायची वाट बघत उभे राहतात. कुठल्या बाजूची पडली तर होय आणि कुठली पडली तर नाही हे आधी ठरलेलं. गोव्यात यालाच प्रसाद घेणं म्हणतात. लग्न जमवायचं, जमीन घ्यायची, नोकरीसाठी गल्फला जायचं, सगळं विचारतात. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख कुठल्या पंचांगात सापडणार नाही, देवीचा कौल घेऊन ती ठरते. पाकळी पडेपर्यंतची ती शांतता ज्याने अनुभवली आहे त्याला डेल्फीत काय वातावरण असेल ते वेगळं सांगायला नको. माझी आजी तर पाकळी हलली की आधीच हात जोडायची, पडायची वाटही बघायची नाही.

आणि सबटायटलवाल्या ताईंना आवडेल असं: कौल हा मूळ अरबी, अर्थ 'बोललेला शब्द, वचन'. कव्वाली त्याच मुळाची. शिवकाळातले कौलनामे म्हणजे लेखी दिलेलं वचनच. तेव्हा ओरारेवरून ऑरॅकल, तसा कौल. इतका बेमालूम जुळणारा शब्द शोधून सापडायचा नाही.

जुना वाडा

+१. जनतेचा कौल वगैरे आहेच, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातही कळेल.

कोरा चहा

"राजा डेल्फीला कौल घ्यायला गेला." प्रेक्षकांना वाटेल पावसाळ्याआधी छप्पर शाकारायचं असेल. मंगळुरी कौल तिथे मिळत नाहीत का?

हुपरीची चांदी

कौल चांगला आहे पण तो होय-नाहीचा. डेल्फीची बाई वाक्यं बोलायची ना? मग भाकणूक घ्या. आमच्याजवळ पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची मोठी यात्रा भरते. फरांडेबाबा हेडाम खेळत येतात, म्हणजे हातात तलवार घेऊन नाचत. भंडाऱ्याची एवढी उधळण की रस्ता, माणसं, झाडं सगळं पिवळंधमक. घरी आल्यावर कानातून नि नखांतून भंडारा काढावा लागतो. मग भाकणूक होते: पाऊस कसा, पीक कसं, कशाला भाव, राजकारणात काय. आणि भाषा अशी की घरी जाताना प्रत्येकजण आपापला अर्थ काढतो. गर्दीत मागे उभं असलं तर अर्धी ऐकूच येत नाही, ती पुढचा माणूस सांगतो. तुमचा तो प्रोफेटेस तोच!

'भाक देणं', 'करुणा भाकणं', 'भाकणूक', 'भाकीत' ही सगळी बोलण्याचीच रूपं. तेव्हा ताईंच्या मताला आमच्या बिरोबाचा पाठिंबा.

बे एके बे

भाकणूक झाली, आता कुणीतरी भेंडवळची घटमांडणी आणणार म्हणून मीच आणतो. बुलढाणा जिल्ह्यात अक्षय्यतृतीयेला शेतात धान्यं गोलाकार मांडतात, मधल्या खड्ड्यात मातीची ढेकळं नि त्यावर घागर, वर पापड, कुरडई. दुसऱ्या दिवशी पहाटे कुठला दाणा किती सरकला ते पाहून पीकपाणी नि राजकारण सांगतात. बातम्या सगळीकडे छापून येतात, पण मागच्या वर्षीचं काय झालं याचा ताळा कुणी छापत नाही.

ताळा घेणारा इतिहासात एकच सापडतो, लिडियाचा राजा क्रीसस. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने दिलेली कथा आहे. त्याने वेगवेगळ्या ऑरॅकलांकडे माणसं पाठवली आणि बजावलं की निघाल्यापासून शंभराव्या दिवशी विचारा, राजा आत्ता काय करतोय? त्या दिवशी गडी तांब्याच्या हंड्यात कासव आणि कोकराचं मांस एकत्र शिजवत बसला, कुणाच्या बापाला सुचणार नाही म्हणून. डेल्फीने बरोबर ओळखलं म्हणे. मग त्याने खरा प्रश्न टाकला, इराणवर चालून जाऊ का? उत्तर आलं, गेलास तर एक मोठं साम्राज्य बुडेल. गेला. बुडालं. त्याचंच. नंतर त्याने डेल्फीला तक्रार धाडली तर उलट ऐकून घ्यावं लागलं की, कुणाचं साम्राज्य ते विचारायचं होतंस! ग्राहक मंचात ही केस उभी राहिली असती.

इंग्रजीत 'डेल्फिक' विशेषण यावरूनच, दोन्हीकडून वाजणारं उत्तर.

उंटावरची

डेल्फीचं दर्शनही आपल्यासारखंच बरं का. पिथिया, म्हणजे तिथे देवाच्या वतीने बोलणारी बाई, महिन्यातून एकदाच बसायची, सातव्या दिवशी. हिवाळ्यात देव गावाला. आधी बकरीवर गार पाणी शिंपडायचे, ती थरथरली तरच देव बोलायला राजी. आणि रांग मोडून पुढे जायचा एक अधिकृत मान होता, 'प्रोमांतेइया'. खिऑस बेटाच्या लोकांनी देवळापुढची वेदी बांधून दिली म्हणून त्यांना तो मिळाला आणि त्यांनी तसं वेदीवर कोरूनही ठेवलं. व्हीआयपी पास, दगडात!

पण मला ग्रीसमधलंच दुसरं ऑरॅकल, डोडोना, जास्त आवडतं. तिथे ओकच्या झाडाची सळसळ ऐकून उत्तर द्यायचे. लोक शिशाच्या पातळ पट्टीवर प्रश्न लिहीत, त्या पट्ट्या ढिगाने सापडल्यात. साम्राज्यबिम्राज्य नाही. एकजण विचारतो, माझ्या पांघरुणं-उशा हरवल्या की बाहेरच्या कुणी चोरल्या? लिसानियास नावाचा एक विचारतो, आनिलाच्या पोटातलं मूल माझंच ना? हे वाचलं आणि अडीच हजार वर्षं खाडकन गळून पडली.

हुपरीची चांदी

@उंटावरची, आमच्याकडे ज्याच्या अंगात येतं त्याला 'झाड' म्हणतात. तुमचा डोडोनावाला तर खरंच झाड!

मुक्काम डब्लिन

उशिरा आलो, पण एक बाजू राहूनच गेली. तुम्ही सगळे ग्रीक-लॅटिनमध्ये फिरताय. इंग्रजीची स्वतःची गावठी, जर्मॅनिक नावं कुठे गेली? ती मला जास्त जवळची वाटतात, कारण आपल्याशी त्यांचं थेट नातं लागतं.

'सूथसेयर'मधला सूथ म्हणजे खरं. तो आपल्या 'सत्'चा भाऊ. म्हणजे सूथसेयर हा शब्दशः सत्य बोलणारा. 'बोड', 'फोरबोड' हे जुन्या इंग्रजीतल्या निरोप्याच्या शब्दावरून, आणि त्याचा धातू तोच ज्यातून आपल्याला बोध आणि बुद्ध मिळाले. 'डूम' म्हणजे आज सत्यानाश, पण मुळात न्यायनिवाडा, ठरवून ठेवलेलं. १०८६ साली इंग्लंडभर जमीन-जुमल्याची नोंद केली त्या दप्तराला लोक डूम्सडे बुक म्हणू लागले, कारण त्यात लिहिलेल्यावर अपील नाही. याचा धातू 'धा', ठेवणं. आपला विधाता आणि विधिलिखित यांतलाही तोच.

आणि सगळ्यात लाडका शब्द 'वीअर्ड'. जुन्या इंग्रजीत 'वुर्द' म्हणजे नियती. धातू 'वृत्', वळणं, घडत जाणं. आपलं वर्तमान, वृत्त, वर्तन तिथलंच. शेक्सपिअरच्या मॅकबेथमधल्या तीन चेटकिणी 'वीअर्ड सिस्टर्स' आहेत, म्हणजे विचित्र बहिणी नव्हेत, नियतीच्या बहिणी. शब्द तोवर मरायला टेकला होता. त्या नाटकाने तो धरून ठेवला, आणि पुढे लोकांनी चेटकिणींच्या रूपावरून त्याचा अर्थ 'विचित्र' असा लावला. आज माझा मुलगा भेंडीच्या भाजीला वीअर्ड म्हणतो.

यात पाहणं नाही आणि बोलणंही जेमतेम. ठरवणं आहे, वळणं आहे. तेव्हा मूळ मताला तिसरा फाटा फोडतो.

जाता जाता: प्रॉफेसी नाम, शेवटी 'सी'. प्रॉफेसाय क्रियापद, शेवटी 'साय'. मालिकेत दोन्ही येतील, कान देऊन ऐका.

अर्धपंडित

वा! हा प्रतिसाद वाचनखुणांत साठवला.

भर घालतो. -मॅन्सीवाले शब्द राहिले: कायरोमॅन्सी (हात पाहणं), जिओमॅन्सी, नेक्रोमॅन्सी. मूळ 'मांतिस', म्हणजे द्रष्टा. प्लेटो म्हणतो की हा शब्द 'मानिया'वरूनच आला, वेड लागल्याशिवाय देव बोलत नाही, मधला 'त' नंतरच्यांनी अरसिकपणे घुसडला. हात जोडून बसणारा तो हिरवा मँटिस कीटक, आपला खंडोबाचा किडा, त्याचं नाव हेच. नेक्रोमॅन्सी म्हणजे मृतांना विचारणं. मध्ययुगात लोकांना ते लॅटिन 'निगेर', म्हणजे काळा, वाटलं आणि त्यातून 'ब्लॅक आर्ट' आलं. मृताचा काळा झाला केवळ कानाच्या चुकीने. आणि जिओमॅन्सी म्हणजे आपली रमल विद्या. रमल म्हणजे अरबीत वाळू.

उंटावरची

कानाच्या चुकीवरून ओमेन! रोमन सेनापती क्रॅसस इराणकडच्या पार्थियावर स्वारीला निघाला. ब्रुन्दिसियम बंदरात सैन्य जहाजावर चढत असताना एक अंजीरवाला ओरडत होता, "काउनेआस!", म्हणजे काउनोसची अंजिरं. सिसेरो सांगतो की ते 'कावे ने एआस', जाऊ नकोस, असंही ऐकू येतं. क्रॅसस गेला, आणि इ.स.पू. ५३ मध्ये कार्हाईला मारला गेला. भाषाशास्त्रवाले या अंजीरवाल्यावर खूश असतात, कारण तेव्हाचं बोली लॅटिन कसं उच्चारत त्याचा हा पुरावा.

वास्तू तथास्तु म्हणते, पण फेरीवाला काय म्हणतो तेही ऐकावं.

खानदेशी ठेचा

नॉस्ट्राडेमसने हा धागा १५५५ मध्येच लिहून ठेवला होता. पुरावा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो.

बे एके बे

@खानदेशी ठेचा, पुढे दहाजणांना पाठवलंत तर संध्याकाळपर्यंत शुभवार्ता.

ढगातला

सांगितल्याप्रमाणे. रॉबर्ट फिट्झरॉय हे नाव डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजाचा कप्तान म्हणून ठाऊक असतं. १८५४ मध्ये त्याला ब्रिटनच्या नव्या हवामान खात्याचं काम मिळालं. १८५९ च्या ऑक्टोबरात रॉयल चार्टर नावाचं जहाज वादळात फुटलं, शेकडो माणसं बुडाली. मग त्याने तारायंत्राने किनाऱ्या-किनाऱ्यावरून वाऱ्या-दाबाचे आकडे गोळा करून बंदरांना इशारे द्यायला सुरुवात केली आणि १८६१ च्या ऑगस्टपासून लंडनच्या टाइम्समध्ये उद्याचं हवामान छापून येऊ लागलं.

आता याला म्हणायचं काय? प्रॉफेसी त्याला नको होती, प्रेडिक्शनही नको. त्याने स्वच्छ लिहून ठेवलंय की ही भाकितं नव्हेत. शास्त्रीय ताळमेळ आणि गणित करून जे मत बनतं त्याला 'फोरकास्ट' हाच शब्द लागू पडतो. फोरकास्टमधल्या 'कास्ट'चा अर्थ तेव्हा बेत करणं, आडाखे बांधणं असा होता. म्हणजे माणसाने मुद्दाम असा शब्द उचलला ज्यात देव बोलत नाही आणि कुणाला काही दिसतही नाही. @मुक्काम डब्लिन, तुमच्या तिसऱ्या फाट्याला हा चौथा.

उपयोग झाला नाही. चुकलं की वर्तमानपत्रं त्याला ज्योतिषीच म्हणत. कर्ज, आजारपण, टीका. १८६५ मध्ये त्याने स्वतःचा जीव घेतला आणि पुढच्याच वर्षी ते छापील अंदाज बंद करण्यात आले. वादळाचे इशारेही थांबवले, ते मात्र मच्छीमार आणि खलाशांच्या ओरड्यामुळे परत सुरू करावे लागले.

आपल्याकडे हवामान खातं १८७५ चं. ब्लॅनफर्डने हिमालयातल्या बर्फावरून पावसाळ्याचा पहिला अंदाज १८८६ मध्ये दिला. मराठीत 'हवामानाचा अंदाज' हा शब्द कुणी रुळवला त्याला माझा नमस्कार. त्यात 'अंदाज' आहे, 'भाकीत' नाही. तरी दर मे महिन्यात मथळा येतोच: 'हवामान खात्याची भविष्यवाणी'. सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के असं सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे आमच्या तालुक्यात कधी?

बे एके बे

काका, दंडवत. यावर विनोद सुचत नाहीये.

वसईचा वारा

फिट्झरॉयचं ठाऊक नव्हतं. योना निदान रुसून सावलीत बसला होता, आणि देव त्याची समजूत काढायला आला होता.

पाणवठा

नेहमी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही. डिव्हिनेशनवर कुणीच बोललं नाही. लॅटिन 'दिवुस' म्हणजे आपला देवच, आणि इंग्रजीत जमिनीत पाणी शोधणाऱ्याला वॉटर डिव्हायनर म्हणतात. आमच्या नगरकडे हाच पाणाड्या. हातावर नारळ उभा करतो किंवा कडुनिंबाची बेचकी धरून शेतभर फिरतो. बोअर कोरडी गेली की म्हणतो, "पाणी होतं, तुम्ही दहा फूट अलीकडे घेतली." क्रीससला दिलेल्या उत्तराचीच ही शेतकी आवृत्ती. गावात भूजलवाले आले तरी त्यांच्यानंतर पाणाड्या बोलावतातच, खात्रीसाठी.

सबटायटलवाली

बाप रे, केवढं दिलंत! दोन दिवस नुसतं वाचतेय.

मत थोडं सैल करते. 'बोलणं' हे ग्रीक देवळांपुरतं आणि बायबलपुरतं खरं धरते. पाखरं, तारे हे पाहणाऱ्यांचं खातं. डब्लिनकरांची नियती वेगळीच. कामापुरता निर्णय असा: ऑरॅकल म्हणजे वाक्य असेल तिथे 'कौल'. बाई असेल तिथे सरळ 'पिथिया', उगाच भाषांतर नाही. जागा असेल तिथे 'डेल्फीचं देवस्थान'. क्रीससला दिलेली लांबलचक उत्तरं आली की 'भाकणूक'. ओमेनला शकुन-अपशकुन, फोरकास्टला अंदाज, ढगातला काकांच्या शब्दाबाहेर जायचं नाही. 'भविष्यवाणी' फक्त नॉस्ट्राडेमसला.

काम देणाऱ्यांना पहिल्या दहा मिनिटांचा नमुना पाठवला. त्यांचं उत्तर आलंय: "कौल थोडा ग्रामीण वाटतो, 'दैवी संदेशप्राप्ती केंद्र' चालेल का?"

माडाखाली

केंद्र?? पासपोर्ट काढायचाय का राजाला?

हुपरीची चांदी

ताई, त्यांना सांगा एका ओळीत मावत नाही. अक्षरमर्यादेपुढे कुणाचं चालत नाही.

सबटायटलवाली

हेच सांगितलंय, उत्तराची वाट बघतेय. तोवर पुढचा भाग उघडला, तो रोम. आणि सुरुवातीलाच हारुस्पेक्स, बळी दिलेल्या मेंढराचं यकृत हातात घेऊन त्यावरच्या रेघा वाचणारा. याला काय म्हणू?

कोरा चहा

कुडमुडे जोशी असतात तसे हे कलेजी जोशी.

अर्धपंडित

हसू नका, शब्द वाईट नाही. ही विद्या रोमनांना इटलीतल्याच जुन्या एट्रुस्कन लोकांकडून मिळाली. १८७७ मध्ये इटलीत पिआचेन्झाजवळ नांगरताना एका शेतकऱ्याला मेंढीच्या यकृताची कांस्य प्रतिकृती मिळाली, तिच्यावर घरं आखून प्रत्येकात एकेका देवाचं नाव कोरलेलं. कुंडलीच म्हणायची. फक्त 'काळीज' लिहू नका, हल्लीच्या प्रेक्षकाला ते हृदय वाटतं.

माडाखाली

खाटकाकडे जाऊन 'काळीज द्या' म्हणा, काय देतो बघा. यकृतच देतो.

अर्धपंडित

तेच तर म्हणतोय, खाटकाला कळतं, प्रेक्षकाला नाही.

जुना वाडा

यासाठी नवीन धागा काढा रे कुणीतरी.